पोटापाण्याच्या गप्पा, जर्मनमधून

पुण्याला जर्मनचं अप्रूप नाही. बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्समुल्लर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट इथे कितीतरी पिढ्यांनी ही भाषा गिरवली. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आले, तेव्हा ती अभियंत्यांच्याही कामाची झाली. आता वर्गातले चेहरे आणखी बदलले आहेत. सांगली-लातूरकडच्या परिचारिका, आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, हॉटेल मॅनेजमेंटची मुलं जर्मन शिकू लागली आहेत.

त्यामागचं कारण उघड आहे. जर्मनीत म्हातारी माणसं वाढताहेत आणि कामाला हात कमी पडताहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचं जाहीर केलं. त्याआधी १ जून २०२४ पासून ‘शान्सनकार्टं’ म्हणजे संधिपत्र सुरू झालं. हाती नोकरी नसतानाही ती शोधायला वर्षभर जर्मनीत राहण्याची मुभा त्यातून मिळते. बहुतेक अर्जदारांना त्यासाठी ६ गुण जमवावे लागतात आणि त्यात भाषेलाही गुण आहेत. जर्मन ए-२ पातळीची असेल तर १, त्यावरची बी-१ असेल तर २ आणि त्याहून वरची बी-२ असेल तर ३.

पण याच वर्गात एक शंका हमखास निघते. मोबाइल क्षणात भाषांतर करून देतो, मग एवढी घोकंपट्टी कशाला? आणि जी नोकरी मिळवायला हा खटाटोप चाललाय, ती दहा वर्षांनी यंत्रानेच गिळली तर? माझ्या मते, शिक्षकांनी ही शंका दाबू नये. उलट तिच्यावरच जर्मनमधून वाद घालायला लावावा. गप्पांसाठी याहून चांगला विषय मिळणं कठीण आहे.

एक क्रियापद, तीन कामं

भाषा शिकताना बोलायला विषय लागतो, आणि तो जिव्हाळ्याचा लागतो. ‘माझी खोली’, ‘माझी सुट्टी’ यांवर कुणाचं भांडण होत नाही. पोटापाण्यावर होतं. शिवाय हा विषय पायरीपायरीने वर चढतो. ए-१च्या विद्यार्थ्याला ‘वास झिन्ट झी फॉन बेरूफ?’, म्हणजे तुम्ही काय काम करता, एवढं विचारता आलं तरी गप्पा सुरू होतात. ए-२ला तुलना येतात. यंत्र जलद की माणूस, स्वस्त कोण, भरवशाचं कोण? बी-१ला ‘कारण’, ‘जर’, ‘मला वाटतं की’ यांची जोडवाक्यं येतात आणि बी-२ला ‘मी हिशेबनीस असतो तर काय केलं असतं’ ही कल्पनेतली वाक्यं.

‘वेअर्डन’ या क्रियापदाचा सराव तर या विषयात आपसूक होतो. ‘मी शिक्षिका होणार’ यातलं होणं, ‘यंत्र पत्र लिहील’ यातला भविष्यकाळ आणि ‘पत्र यंत्राकडून लिहिलं जातं’ यातला कर्मणी प्रयोग, ही तिन्ही कामं जर्मनमध्ये हेच क्रियापद करतं. उद्याच्या नोकऱ्यांवर पाच मिनिटं बोललात, तरी तिन्ही रूपं तोंडी येतात. रकाने पाठ करून जे डोक्यात बसत नाही, ते वादाच्या भरात जिभेवर बसतं.

मराठी माणसाची जमेची बाजू

इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणारे एका ठिकाणी हटकून ठेचकाळतात. ‘यंत्रं जलद हिशेब करतात’ हे साधं वाक्य जर्मनमध्ये ‘माशीनन रेश्नन श्नेल’ असं होतं, क्रियापद दुसऱ्या जागी. पण आधी ‘कारण’ आलं की ‘वाइल माशीनन श्नेल रेश्नन’, क्रियापद थेट शेवटी. इंग्रजीला हे विचित्र वाटतं. आपल्याला वाटू नये, कारण ‘कारण यंत्रं जलद हिशेब करतात’ हा हुबेहूब तोच क्रम आहे.

तीन लिंगांचंही तसंच. डेअर, दी, दास म्हणजे तो, ती, ते. कुठल्या नामाला कुठलं लिंग, हे मात्र पाठच करावं लागतं. तरी जर्मनमध्ये ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे म्हणून आपण अचंबित होण्याचं कारण नाही, आपणही ‘ते मूल’ म्हणतोच. जोडशब्दांची लिंगं शेवटच्या पदावरून ठरतात, ‘राजकन्या’ ती आणि ‘राजवाडा’ तो, तशीच. ‘डू’ आणि ‘झी’ यांतला भेद तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणणाऱ्यांना समजावावाही लागत नाही. मुलाखतीत समोरच्याला ‘डू’ म्हणू नये, हे मराठी घरातल्या मुलाला आतूनच कळतं.

परीक्षेची तयारी, गप्पांतून

गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत बोलण्याचे तीन भाग असतात. जोडीदाराबरोबर एखादा बेत आखायचा, एका विषयाची मांडणी करायची आणि त्या मांडणीवर प्रश्नोत्तरं करायची. मांडणीचा साचा ठरलेला आहे. विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे व स्वतःचं मत आणि समारोप. नोकऱ्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय या साच्यात सहज बसतो. ‘आपल्या देशातली परिस्थिती’ सांगताना गल्लीतली टायपिंग इन्स्टिट्यूट, बँकेतला पासबुक छापणारा काउंटर, संगणक आल्यावर बदललेली रेल्वे आरक्षणाची रांग, हे सगळं बोलता येतं. परीक्षकालाही रट्टा मारलेल्या उत्तरापेक्षा हे ऐकायला बरं वाटेल.

साहित्यही फुकट उपलब्ध आहे. न्यूरेंबर्गच्या श्रम व व्यवसाय संशोधन संस्थेचं ‘जॉब-फुतुरोमाट’ हे साधन पाहा. व्यवसायाचं नाव टाकलं की त्यातली मुख्य कामं दिसतात आणि त्यांपैकी किती कामं आजच्या तंत्राने यंत्राला करता येतील, तेही कळतं. हे साधन ‘करता येतील’ म्हणतं, ‘करतील’ म्हणत नाही. कारण कायदा, खर्च आणि माणसांची पसंती यांवरही बरंच अवलंबून असतं. ‘जमेल’, ‘करेल’, ‘करायला हवं’ या छटा जर्मनमध्ये नेमक्या मांडायला शिकणं, हा बी-१चा अर्धा अभ्यास आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकताना समोर मजकूरही मिळतो. त्यांचीच ‘निकोस वेग’ ही चित्रफीतमाला ए-१ ते बी-१ पर्यंत सोबत करते.

आणि खुद्द यंत्राशीही, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटशीही बोलावं. त्याला स्पष्ट बजावावं की, तू रुग्णालयातली मुलाखत घेणारी अधिकारी हो, बी-१च्या जर्मनमध्ये एका वेळी एकच प्रश्न विचार, मध्ये टोकू नकोस, शेवटी माझ्या मोठ्या तीन चुका सांग. रात्री अकरालाही ते कंटाळत नाही आणि लाजऱ्या विद्यार्थ्याचा संकोच त्याच्यापुढे गळून पडतो.

मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. यंत्र आपलं मोडकंतोडकं वाक्यही समजून घेतं, त्यामुळे आपल्याला जमलं असा भास होतो. खरा जर्मन माणूस तिथेच ‘काय म्हणालात?’ असं विचारतो. व्याकरणाचं कारण सांगताना यंत्र ठामपणे चुकूही शकतं, म्हणून नामाचं लिंग १८८० पासून चालत आलेल्या डूडन कोशात तपासलेलं बरं. श्टुटगार्टच्या रुग्णालयातले आजोबा श्वाबेनच्या बोलीत बोलणार, ती समजणारे कान यंत्राच्या स्वच्छ उच्चारांवर तयार होत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा तरी माणसाशी गप्पा हव्यातच, मग तो वर्गमित्र असो की फोनवरचा जर्मन जोडीदार.

आता वर्गातल्या शंकेचं उत्तर. परिचारिकेच्या नोंदणीसाठी जर्मनीत साधारणपणे बी-२ मागतात, डॉक्टरांना त्याहून वरची वैद्यकीय जर्मन लागते. कारण वेदनेने कळवळणारा रुग्ण मोबाइल पुढे धरण्याची वाट पाहत नाही. रुग्णाला धीर देणं, सहकाऱ्याशी पाळीवरून वाद घालणं, घरमालकाची समजूत काढणं, ही कामं भाषांतर करणाऱ्या यंत्रावर सोपवता येत नाहीत. तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत एखादा सोबती गाठा आणि ‘दहा वर्षांनी माझं काम कोण करेल?’ या प्रश्नावर पंधरा मिनिटं जर्मनमधून भांडून पाहा. चुका होतील, होऊ द्या. सगळी वाक्यं मनात शुद्ध होईपर्यंत थांबणाऱ्यापेक्षा चुकत बोलणाराच आधी बी-१ ओलांडतो.