वाणसामानाचे वर्गमूळ

‘दहा मिनिटांत दारात’ अशी ग्वाही देणाऱ्या जाहिरातींचा सुळसुळाट झाल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत दुकानाच्या गादीवर बसणारे जितके असतात तितकेच त्या दुकानाची पायरी चढणारेही असतात: माल एकदम भरून ठेवावा, की लागेल तसतसा आणावा? प्रश्न नवा नव्हे. ज्या घरात चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू घेऊन, त्यांना ऊन दाखवून, एरंडेल चोळून कणगीत भरण्याचा परिपाठ होता, त्याच घरात पालेभाजी रोजच्या रोज मंडईतून येई आणि दुधाचा तर सकाळ-संध्याकाळ रतीबच असे. म्हणजे कोणता जिन्नस किती दिवसांचा आणावा याचा निवाडा प्रत्येक जिन्नसापुरता निराळा करावा लागतो, हे त्या गृहिणीस पक्के ठाऊक होते. उणीव होती ती फक्त सूत्राची.

ते सूत्र फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाले. कर्त्याचे नाव फोर्ड व्हिटमन हॅरिस. हा गृहस्थ वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता होता, शालेय शिक्षणापलीकडे महाविद्यालयाची पायरी त्याने चढलेली नव्हती, आणि पुढे तो पेटंटांची वकिली करू लागला. सुटे भाग एका खेपेस किती बनवावेत, एवढाच साधा प्रश्न त्याने लेखाच्या मथळ्यात घातला होता. परंतु त्याचे उत्तर आज जगातील बहुतेक प्रत्येक वखारीच्या हिशेबात कोठे ना कोठे दडलेले असते.

तालुक्याच्या गावातील एखाद्या किराणा दुकानदाराचा जमाखर्च घेऊ. समजा, तो वर्षाला २४०० किलो साखर विकतो. घाऊक पेठेतून माल आणायचा तर दर खेपेस टेम्पोचे भाडे, हमाली आणि मोडलेला अर्धा दिवस मिळून ३०० रुपये पडतात, मग पोते एक आणा की वीस आणा. उलटपक्षी, एक किलो साखर वर्षभर दुकानात पडून राहिली तर गुंतलेल्या पैशाचे व्याज, जागेचे भाडे आणि मुंग्यांचा वाटा धरून ४ रुपये खर्ची पडतात. मोठी खेप आणली की फेऱ्या घटतात पण साठा वाढतो. लहान आणली की साठा घटतो पण टेम्पोवाल्याची चंगळ होते. हॅरिसचे म्हणणे असे की, वार्षिक विक्रीस खेपेच्या खर्चाने गुणावे, त्याची दुप्पट करावी, त्यास साठवणुकीच्या दराने भागावे आणि जे येईल त्याचे वर्गमूळ काढावे. येथे ते ६०० किलो येते. वर्षाला चार खेपा, खर्च १२०० रुपये. सरासरी साठा ३०० किलो, त्याचा खर्चही १२०० रुपये! तराजूची दोन्ही पारडी अशी बरोबरीस यावीत, यात मला आजही एक प्रकारचे सौंदर्य दिसते.

वर्गमूळाची गंमत मात्र याच्याही पुढची आहे. विक्री चौपट झाली तर खेप चौपट करावयाची नसते, केवळ दुप्पट करावयाची असते. मोठ्या दुकानास लहानापेक्षा दर किलोमागे कमी साठा पुरतो तो यामुळेच, मालकाच्या हुशारीमुळे नव्हे. शिवाय हे सूत्र चुकांच्या बाबतीत विलक्षण क्षमाशील आहे. आपल्या दुकानदाराने अंदाज साफ चुकून ६०० ऐवजी १२०० किलो साखर आणली तरी त्याचा एकूण खर्च २४०० वरून ३००० वर, म्हणजे अवघा चतुर्थांशाने, वाढतो. दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत अचूक उत्तर देणारी संगणकप्रणाली विकावयास येणाऱ्या प्रतिनिधीस ही गोष्ट अवश्य ऐकवावी.

एक गोष्ट मात्र हॅरिसने गृहीत धरली होती: खेपेचा खर्च, म्हणजे कारखान्यात दर खेपेआधी यंत्राचा साचा बदलण्याचा खर्च, हा ठरलेलाच. हे गृहीतक हलवून पाहण्याचे श्रेय जपानी अभियंता शिगेओ शिंगो याचे. टोयोटाच्या कारखान्यातील १००० टनी दाबयंत्राचा साचा बदलावयास चार तास लागत. १९६९ साली शिंगोने ते काम प्रथम दीड तासावर आणि त्यानंतर तीन मिनिटांवर आणले. खर्च वेळेच्या प्रमाणात धरला तर तो ऐंशीव्या हिश्शावर आला, आणि वर्गमूळाच्या न्यायाने एका खेपेत बनवावयाचा मालही सुमारे नवव्या हिश्शावर यावा. टोयोटाच्या अल्प साठ्याचे गूढ सांगताना जपानी शिस्तीची आणि तत्त्वज्ञानाची जी भरमसाट स्तुतिस्तोत्रे गायिली जातात, त्यांत साचे बदलणाऱ्या या पान्यांना आणि बोल्टांना फारशी जागा मिळत नाही.

आता त्या दहा मिनिटांकडे वळू. एवढ्या अवधीत माल पोहोचवायचा तर ग्राहकांना मज्जाव असलेल्या लहान लहान वखारी प्रत्येक वस्तीत उघडणे भाग पडते. डेव्हिड मेस्टर याने १९७६ साली एका लेखात याच वर्गमूळाचे दुसरे रूप मांडले: एका वखारीच्या जागी एकसारख्या सोळा वखारी केल्या आणि प्रत्येक जण हॅरिसच्या हिशेबाने माल मागवू लागला, तर एकूण साठा सोळापट होत नाही हे खरे, पण चौपट होतोच. यातून सुटावयाचे तर एकाच वाहनाने अनेक वखारींना फेरी घालून दर खेपेचा खर्च खाली आणावा लागतो, जिन्नसांची यादी आखूड करावी लागते, किंवा वाढलेला भार कोणाच्या तरी खिशावर नाहीतर दुचाकीवरील एखाद्या तरुणाच्या पाठीवर टाकावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतल्याने चाराचा एक होत नाही.

लेख येथे संपवता आला असता. पण हॅरिसवरील अन्याय सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये १९३४ साली आर. एच. विल्सन या सल्लागाराचा साठा-नियंत्रणावरील लेख आला, आणि सूत्रास विल्सनचे नाव चिकटले. जर्मनीत तेच सूत्र १९२९ च्या अँडलरच्या नावावर रुजू झाले. कहर म्हणजे १९५१ साली केनेथ ॲरो आणि जेकब मार्शक यांच्यासह साठ्याच्या गणितावर जो गाजलेला प्रबंध एका हॅरिसने लिहिला, तो थिओडोर हॅरिस. नामसादृश्यापलीकडे आपल्या हॅरिसशी त्याचा संबंध नाही. मूळ लेख न पाहताच एकाने दुसऱ्याच्या टिपा उतरवून घ्याव्यात, अशी विद्वानांची पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत. परिणामी १९१३ चा तो लेख दृष्टिआड झाला तो झालाच. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी १९८८ च्या सुमारास तो हुडकून काढला, आणि १९९० मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकाने तो पुन्हा छापला. हॅरिस १९६२ सालीच निवर्तला होता.

ज्या वाचकांची मुले वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकत असतील त्यांनी एवढे करावे: क्रमिक पुस्तकात जेथे ‘विल्सनचे सूत्र’ असे छापलेले आढळेल, तेथे समासात पेन्सिलीने हॅरिसचे नाव आणि १९१३ हे साल लिहून ठेवावे.