घरचे बाळंतपण

मंडळीतल्या भगिनी विचारतात, डॉक्टर नको म्हणत असता आदिवासी बाया घरीच का बाळंत होतात? आधी माझे सांगते. माझ्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी बजावले होते; तरी शनिवार पेठेतल्या घरी, कोमट पाण्याच्या टबात मी बाळंत झाले. वार पडल्यावर रक्त थांबेना. पाण्यात किती गेले, कळेना. रिक्षाने दहा मिनिटांत दवाखाना गाठला म्हणून वाचले.

पुढे गडचिरोलीत सेवेला गेले. तिथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. दवाखान्यात माडिया समजणारे कोणी नसते, मजुरी बुडते, धाकटे पोर कोणाकडे ठेवायचे? माझी हौस होती, त्यांची अडचण आहे.

डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायांनाच घरी तान्हे बाळ सांभाळायला शिकवले, नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पण आईचा रक्तस्राव घरी आवरत नाही. त्यासाठी सरकारी आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ असते: दिवस भरण्याआधी चार-पाच दिवस येऊन राहायचे, सोबत नातलग आणि लहान मूल चालते. सातवा लागला की मी सासूलाच विचारते, नदी चढण्याआधी निघायचे ना?