धूर, शिडे आणि शिळाछाप

समुद्रावरच्या लढायांची छापील चित्रे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर निघाली. शतकाच्या आरंभी ती बहुतेक तांब्याच्या पत्र्यावरून छापत. ॲक्वाटिंट पद्धतीत पत्र्यावर राळेची पूड बसवून तो आम्लात धरत. कणांमधल्या फटींतून आम्ल धातू खाई आणि कागदावर जलरंगासारख्या विरळ-दाट छटा उमटत. तोफांचा धूर दाखवायला याहून सोयीची रीत नव्हती. पुढे जर्मनीतल्या आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेला शिळाछाप रुळला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा; शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. काम स्वस्त झाले, झटपट झाले. रंग मात्र बहुधा हातानेच भरत.

२० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसमधील नवारिनोच्या उपसागरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या आरमारांनी तुर्की-इजिप्ती आरमाराचा धुव्वा उडवला. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. जॉर्ज फिलिप रेनेगल हा चित्रकार तिथे हजर होता. पुढच्याच वर्षी त्याची शिळाछाप चित्रे प्रसिद्ध झाली. ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनचे ८४ तोफांचे निशाणाचे जहाज 'एशिया' मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नौरोजी जमशेटजींच्या हाताखाली सागवानात बांधले होते. १८२४ मध्ये ते पाण्यात उतरले. नवारिनोची चित्रे पाहणाऱ्या मराठी वाचकाने हे जहाज मुद्दाम शोधावे.

अशा चित्रांचे गिऱ्हाईक अनेकदा आरमारातलेच असे. डोलकाठी किंवा दोर चुकला तर त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून जहाजांचे तपशील पुष्कळदा भरवशाचे असतात. लढाईच्या मांडणीवर तेवढा विश्वास ठेवू नये. कित्येक तासांच्या घडामोडी चित्रकार एकाच चौकटीत बसवी.

९ मार्च १८६२ रोजी अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्स येथे उत्तरेची 'मॉनिटर' आणि दक्षिणेची 'मेरिमॅक' या दोन चिलखती युद्धनौका भिडल्या; अशा नौका एकमेकींशी लढण्याची ही पहिलीच वेळ. न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्याने त्याच वर्षी काढलेल्या चित्राच्या मथळ्यात 'मॉनिटर'च्या २ आणि 'मेरिमॅक'च्या १० तोफांचा हिशेब दिला आहे. दक्षिणेने 'मेरिमॅक'ला 'व्हर्जिनिया' हे नवे नाव दिले होते. उत्तरेच्या छापखान्याने ते मानले नाही. शिडांची शोभा इथे उरलीच नव्हती. चित्रकाराच्या वाट्याला आले ते लोखंड, धूर आणि पाण्यालगत टेकलेले एक सपाट डेक.

जपानमध्ये १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात कोबायाशी कियोचिका यांच्यासारख्या कलावंतांनी लाकडी ठशांवरून आरमारी लढायांची चित्रे छापली. त्यानंतर वृत्तपत्रांतून छायाचित्रे सर्रास छापली जाऊ लागली आणि लढाईची बातमी सांगण्याचे या चित्रांचे काम संपले.