बेसबॉलचे नवे नियम आधी कुणावर तपासले जातात?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं की एपिसोड मध्येच अडकतो, म्हणून ऐकण्यापेक्षा वाचणं बरं असं म्हणणारे तुमच्यापैकी बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी. बोलताना जिथे मी अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका मॅचच्या शेवटापासून करूया. तारीख २५ फेब्रुवारी २०२३. अमेरिकेतल्या फ्लोरिडात नॉर्थ पोर्ट नावाचं गाव आहे, तिथे अटलांटा ब्रेव्हज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स असा सरावाचा सामना चालू होता. स्कोअर ६-६, शेवटची इनिंग, दोन आउट झालेले, तिन्ही बेसवर ब्रेव्हजचे खेळाडू उभे. बॅटिंगला काल कॉनली नावाचा पोरगा.

बेसबॉल कधी पाहिलंच नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. पिचरने चार चुकीचे चेंडू टाकले, म्हणजे चार ‘बॉल’ झाले, की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो. तीन ‘स्ट्राइक’ झाले की तो आउट. कॉनलीचे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले होते. आणखी एक बॉल पडला असता तर सगळे एकेक बेस पुढे सरकले असते, तिसऱ्या बेसवरचा घरी आला असता आणि मॅच जिंकली असती. अशा वेळी अंपायरने हात वर करून खेळ थांबवला. कॉनलीला वाटलं, चूक पिचरची आहे. तो पहिल्या बेसकडे निघालासुद्धा. चूक त्याचीच होती. घड्याळात ८ सेकंद उरायच्या आत त्याने तयार उभं राहायला हवं होतं, तो राहिला नव्हता. म्हणून आपोआप स्ट्राइक. तिसरा. आउट. चेंडू न टाकताच मॅच संपली, तीही बरोबरीत.

मी ती क्लिप दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना फोनवर पाहिली, आणि खरं सांगते, हसले. क्रिकेटवाल्यांना ही गंमतच वाटणार ना! पण नंतर खोलात गेले तेव्हा कळलं की हा नियम काही त्या आठवड्यात आकाशातून पडला नव्हता. आठ-नऊ वर्षं त्याची तपासणी चालू होती. कुणावर तपासणी, हा आजचा खरा विषय.

आधी घड्याळाचं बघू. बेसबॉलमध्ये पूर्वी वेळेचं बंधनच नव्हतं म्हटलं तरी चालेल. पिचर टोपी नीट करणार, हातावर पावडर लावणार, इकडेतिकडे बघणार. बॅटर ग्लोव्हजचे पट्टे सोडणार, पुन्हा बांधणार. होता होता २०२१ मध्ये मेजर लीगची सरासरी मॅच ३ तास १० मिनिटांपर्यंत गेली. खेळ कमी आणि थांबणंच जास्त. तरुण प्रेक्षक कुठे जाणार? तुम्ही कुठे जाता तेच, फोनकडे.

यावर उपाय म्हणून ‘पिच क्लॉक’. २०१४ मध्ये ॲरिझोना फॉल लीगमध्ये, म्हणजे होतकरू पोरांच्या छोट्या स्पर्धेत, तो पहिल्यांदा लावून पाहिला. २०१५ पासून मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर २० सेकंदांचं घड्याळ आलं. (मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या. आपल्याकडे रणजीतून वर येतात तसे तिथे सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असे टप्पे चढावे लागतात.) पण तिथे शिक्षा जेमतेमच व्हायची, त्यामुळे हळूहळू सगळे घड्याळाकडे काणाडोळा करायला लागले. मग २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये वेळ १५ सेकंदांवर आणली आणि शिक्षाही खरोखर द्यायला लागले. मॅच वीस मिनिटांहून जास्त आटोपशीर झाली. २०२२ मध्ये हेच सगळ्या मायनर लीगमध्ये आणि २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये. त्या वर्षी नियम असा होता: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर २०. पहिल्याच हंगामात सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली.

मला स्वतःला घड्याळ आवडतं. भारतात मॅच लागते पहाटे किंवा सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी संपली तर कुणाला नको आहे!

२०२३ मध्ये घड्याळाबरोबर आणखीही बदल आले. बेस १५ इंचांचे होते ते १८ इंचांचे झाले. पिचर बेसवरच्या खेळाडूला अडकवायला सारखासारखा तिकडे चेंडू फेकायचा, त्यावर प्रत्येक बॅटरमागे दोन वेळांची मर्यादा आली. परिणाम काय? बेस चोरणं, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठणं, एकदम वाढलं. २०२२ मध्ये २,४८६ चोऱ्या, २०२३ मध्ये ३,५०३. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने एकट्याने ७३ केल्या, वर ४१ होमरन. बेसमधलं अंतर फक्त काही इंचांनी कमी झालं होतं, पण इथे आउट की सेफ हे इंचांवरच ठरतं.

आता मला जिथे रमायचंय तिथे येऊया. अटलांटिक लीग.

ही अमेरिकेच्या पूर्व भागातली स्वतंत्र व्यावसायिक लीग. कुठल्याही मेजर लीग टीमच्या मालकीची नाही. इथे कोण खेळतं? ज्यांना वरून काढून टाकलंय पण अजून आशा सोडलेली नाही असे. तीस-बत्तीस वर्षांचा पिचर, एकदा मेजर लीग पाहून आलेला, कुणीतरी पुन्हा फोन करेल म्हणून महिन्याच्या थोड्या पैशांवर बसने गावोगाव फिरणारा. २०१९ मध्ये मेजर लीगने या लीगशी करार केला: आमचे नवे नियम तुमच्याकडे तपासून बघू.

आणि काय काय तपासलं! एक नियम होता पहिला बेस चोरायचा. म्हणजे पिचरचा कुठलाही चेंडू कॅचरने झेलला नाही की बॅटरने बॅट टाकून सरळ पहिल्या बेसकडे पळत सुटायचं. दीडशे वर्षांच्या खेळात हे कुणी ऐकलं नव्हतं. १३ जुलै २०१९ ला सदर्न मेरीलँड ब्लू क्रॅब्जच्या टोनी थॉमसने ते पहिल्यांदा केलं. मला ही कल्पना फार आवडली होती, पण ती मेजर लीगपर्यंत कधी पोचलीच नाही. जाऊ दे.

दुसरा प्रयोग मात्र गमतीचा नव्हता. पिचर जिथून चेंडू टाकतो ते अंतर १८९३ पासून ६० फूट ६ इंच आहे. अलीकडे पिचर इतके वेगाने टाकायला लागलेत की बॅटरच्या बॅटला चेंडू लागेनासा झालाय. म्हणून विचार असा की पिचरलाच मागे सरकवूया, बॅटरला डोळ्याची पापणी लवण्याइतका तरी जास्त वेळ मिळेल. आधी २०१९ मध्ये दोन फूट सरकवायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये एक फूट सरकवलं. हंगामाच्या अर्ध्यावर.

जरा त्या पिचरच्या जागी उभे राहा. लहानपणापासून तुमच्या खांद्याला, मनगटाला एकच अंतर माहीत आहे. तुमचा कर्व्हबॉल नेमका कुठे खाली वळतो, हे त्या अंतरावर बसवलेलं. तुम्ही या लीगमध्ये आलात तेच मुळी वरच्या टीमच्या माणसांना आकडे दाखवायला. आणि अर्ध्या हंगामात सांगतात, एक फूट मागून टाका. आता जो आकडा तयार होईल तो कशाशी ताडून बघायचा? आणि हात दुखावला तर पुढच्या वर्षी बोलावणार कोण? प्रयोगातून फारसं काही निघालं नाही, स्ट्राइकआउटमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही, आणि २०२२ मध्ये अंतर पुन्हा ६० फूट ६ इंच. लीगच्या दृष्टीने विषय मिटला. पण ज्या पिचरसाठी तो शेवटचा हंगाम असेल, त्याचा तो हंगाम काही परत आला नाही.

इथे थोडं पैशांचं बोलावं लागेल, कारण त्याशिवाय हे नीट कळत नाही. मेजर लीगच्या खेळाडूंची युनियन १९६६ पासून ताकदवान आहे. मायनर लीगवाले त्यात नव्हते. म्हणजे २०१५ ते २०२२ घड्याळ ज्यांच्यावर तपासलं, त्यांना ‘नको’ म्हणायची सोयच नव्हती. ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या फक्त एक पायरी खाली, तिथे वर्षाला किमान पगार होता १७,५०० डॉलर. खालच्या पायरीवर ११,०००. सरावाच्या महिन्याचे पैसे मिळत नसत. यावर खेळाडूंनी २०१४ मध्ये खटला भरला, तो २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर मिटला. सप्टेंबर २०२२ मध्ये मायनर लीगवाले युनियनमध्ये आले आणि २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-एचा किमान पगार ३५,८०० झाला, दुपटीहून जास्त.

तुम्ही म्हणाल, मेजर लीगच्या खेळाडूंना तरी विचारतात ना? विचारतात. नियम ठरवणारी अकरा जणांची समिती आहे: सहा मालकांच्या बाजूचे, चार खेळाडू, एक अंपायर. सप्टेंबर २०२२ मध्ये घड्याळावर मत घेतलं तेव्हा चारही खेळाडूंनी विरोध केला. नियम पास झाला. सहा विरुद्ध चारचं गणित तुम्हीच करा. मोठ्या बेसना मात्र त्यांचा विरोध नव्हता.

आपल्याकडे हे अनोळखी नाही. इम्पॅक्ट प्लेअर आठवतो? २०२२ मध्ये सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीत तपासला, २०२३ मध्ये आयपीएलमध्ये आला. पुढच्या वर्षी रोहित शर्मा एका पॉडकास्टमध्ये म्हणाला की हा नियम त्याला फारसा पसंत नाही, आणि त्याने आपल्या शिवम दुबेचं उदाहरण दिलं: अशा ऑलराउंडरला बॉलिंगच मिळत नाही. नियम मनोरंजनासाठी बदलला, पण एका प्रकारच्या खेळाडूची रोजीरोटीच अडचणीत आली.

बेसबॉलमध्ये असा खेळाडू म्हणजे कॅचर. आणि त्याचा शत्रू, रोबो अंपायर.

तोही अटलांटिक लीगमधूनच आला. १० जुलै २०१९, पेनसिल्व्हेनियातलं यॉर्क, लीगचा ऑल-स्टार सामना. अंपायर ब्रायन डीब्रॉवेअर यांच्या कानात इयरफोन, खिशात आयफोन. चेंडू कुठून गेला ते रडार मोजणार, बॉल की स्ट्राइक ते कानात सांगणार, अंपायर फक्त ओरडणार. दोनच दिवसांनी फ्रँक व्हायोला हे कोच या निर्णयांवर वाद घालून मैदानाबाहेर काढले गेले. मशीनशी भांडल्याबद्दल शिक्षा माणसाला! अडचण खरी होती मात्र. कर्व्हबॉल चौकटीच्या पुढच्या कडेला जरासा घासून जायचा आणि कॅचर तो पार खाली, जमिनीलगत पकडायचा. मशीनच्या हिशेबाने स्ट्राइक, बघणाऱ्याच्या डोळ्याला उघड बॉल. पुढे चौकट बदलत बदलत आजच्या रूपात आली: रुंदी १७ इंच, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, आणि मोजायचं प्लेटच्या मध्यावर.

आता कॅचरचं. चांगला कॅचर काय करतो, कडेच्या जरा बाहेर आलेला चेंडू पकडताना मनगट हळूच आत वळवतो. अंपायरला तो स्ट्राइक वाटतो. याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात. ही लबाडी आहे का? थोडी आहे. पण कौशल्यही आहे, आणि बॅटिंग बेतास बात असलेल्या कितीतरी कॅचरचं पोट त्यावर चाललंय. सगळे निर्णय मशीनने दिले तर त्या मनगटाला किंमत शून्य. कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ मध्ये नेमकं तेच केलं, प्रत्येक चेंडूचा निर्णय मशीनचा.

अमेरिकेने मधला रस्ता धरला. ट्रिपल-एमध्ये २०२३ मध्ये आठवड्यातले काही दिवस पूर्ण मशीन आणि काही दिवस फक्त ‘चॅलेंज’, असं दोन्ही चालवून पाहिलं, २०२४ च्या मध्यापासून फक्त चॅलेंज ठेवलं. २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यात पिचर तारिक स्कूबलने पहिलं चॅलेंज घेतलं आणि जिंकलं. सप्टेंबर २०२५ मध्ये समितीने मंजुरी दिली, मेजर लीगमध्ये लागू २०२६ च्या हंगामापासून. निर्णय अंपायरच देणार. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शाबूत. डीआरएससारखंच, पण एक फरक मला भारी आवडतो: चॅलेंज फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटर घेऊ शकतो. तेही लगेच, डगआउटकडे न बघता, स्वतःच्या डोक्यावर थाप मारून. कोच काही सांगू शकत नाही, कॅप्टनशी गप्पा नाहीत.

त्यामुळे फ्रेमिंग अजून मेलेलं नाही. दोन चॅलेंज संपली की मनगटाची जादू पुन्हा चालू. उलट कॅचरला एक नवं काम मिळालंय. चौकट सगळ्यात जवळून तोच बघतो, तेव्हा चॅलेंज कधी वाया घालवायचं नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? चालबाज मनगटाऐवजी आता प्रामाणिक नजरेचे पैसे मिळतील कदाचित. मिळतील का, ते कॅचरच्या पुढच्या करारांत दिसेल.

तर येत्या मॅचमध्ये कुणी हेल्मेटवर थाप मारली तर स्क्रीनकडे बघू नका, आधी कॅचरच्या चेहऱ्याकडे बघा. चेंडू बॉल होता की स्ट्राइक, हे त्याला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. तुम्हाला काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, फक्त दोन मिनिटांच्या आत आटपा. घड्याळ आपल्याकडेही आहे!