ट्रायल्स मोटारसायकल

ट्रायल्स मोटारसायकल ही खडक, ओढे व चढ-उतारांच्या आखलेल्या टप्प्यांतून, पाय न टेकता नेण्यासाठी बनवलेली हलकी मोटारसायकल आहे. या क्रीडाप्रकारात वेगापेक्षा तोल महत्त्वाचा असतो. पाय टेकल्यास दंडगुण मिळतात आणि सर्वांत कमी दंडगुणांचा स्पर्धक विजयी ठरतो. सॅमी मिलर यांनी १९६५ साली 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही स्पर्धा बुल्टाको या स्पॅनिश मोटारसायकलीवर जिंकली.

रचना

आधुनिक गाडीचे वजन साधारणतः ७० किलोग्रॅम असते. स्वार उभ्याने गाडी चालवत असल्याने तिला नेहमीसारखी बैठक नसते.

वापरलेल्या गाडीची पारख

अशा अनेक गाड्यांना अंतरमापक नसतो; म्हणून गाडी किती झिजली आहे, हे सुट्या भागांवरूनच ओळखावे लागते. मागचे चाक अधांतरी धरून वर-खाली हलवल्यास सस्पेंशनच्या बेअरिंगांतील ढिलेपणा हाताला जाणवतो. चिखल-पाण्यामुळे ही बेअरिंगे लवकर गंजतात. इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर पोचे असणे स्वाभाविक आहे. मात्र इंजिनाच्या कवचाला किंवा पायटेकणीजवळ चौकटीला तडा असल्यास दुरुस्ती खर्चिक ठरते. संथ गतीत रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही, म्हणून इंजिन तापल्यावर पंखा आपोआप सुरू होतो का, हे पाहावे. चौकटीवरील क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावा.

नवशिक्याला स्पर्धेसाठीच्या जोरकस इंजिनापेक्षा संथपणे शक्ती देणारे इंजिन अधिक सोयीचे असते.