बुडीत खात्याची गोष्ट : एका रुपयाला गेलेला हक्क

एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या वसई-विरारमधल्या जमिनींबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. गिरीजहून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो मागे ठेवणं मला जमणार नाही.

निवृत्तीची रक्कम त्यांनी डीएचएफएल या गृहवित्त कंपनीत मुदत ठेवीत टाकली होती. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली. हाती आलं रुपयामागे तेवीस पैशांच्या हिशेबानं. ते विचारतात : कंपनीतून जे पैसे लांबवले गेले ते उद्या वसूल झाले, तर त्यात आमचा वाटा किती?

थेट सांगायचं तर, फसवणुकीच्या वसुलीत काहीही नाही. का, ते नीट पाहू.

नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त करून आर. सुब्रमण्यकुमार यांना प्रशासक नेमलं. त्यांनी व्यवहार तपासायला दिले, तेव्हा ‘बांद्रा बुक’ उघडकीला आलं. सीबीआयचा आरोप असा की 001 क्रमांकाची, प्रत्यक्षात कुठेच नसलेली एक शाखा संगणकात उभी केली होती आणि तिच्या नावावर सुमारे 2 लाख 60 हजार गृहकर्ज खाती दाखवली होती. रक्कम 14,046 कोटी. ज्यांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, अशांची जुनी खातीही त्यात पुन्हा जिवंत केलेली. एखाद्यानं पोटाला चिमटा काढून हप्ते फेडावेत, घराचे कागद सोडवून आणावेत, आणि त्याच्याच नावाचं कर्ज दुसऱ्या वहीत चालू राहावं! हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

असे संशयास्पद व्यवहार मिळून आकडा सुमारे 45,000 कोटींवर गेला. दिवाळखोरी संहितेत त्यांच्यासाठी वेगवेगळी कलमं आहेत. एखाद्याच धनकोला झुकतं माप दिलं तर 43, मालमत्ता कवडीमोलानं दिली तर 45, जाचक अटींवर कर्ज घेतलं तर 50, आणि धनकोंना फसवण्याच्या हेतूनं धंदा चालवला तर 66. डीएचएफएल विकत घेणाऱ्या पिरामलच्या 34,250 कोटींच्या योजनेत 43, 45 आणि 50 या कलमांखालची वसुली धनकोंकडे ठेवली, पण कलम 66 ची सगळी वसुली पिरामलकडे. तिची किंमत धरली होती एक रुपया.

बँकांचं म्हणणं होतं, खटले वर्षानुवर्षं चालतील, हाती काय लागेल याचा नेम नाही, आज मिळतंय ते घ्या. त्यात तथ्य आहे. पण हा सौदा ठरवला धनकोंच्या समितीनं, आणि तिथे मताचं वजन येणे रकमेवर ठरतं. दावे सुमारे 87,000 कोटींचे. त्यात ठेवीदारांचे साडेपाच हजार कोटींच्या आसपास. ठेवीदार एकजुटीनं विरोधात गेले असते तरी योजना अडली नसती. अपील न्यायाधिकरणानं 2022 मध्ये या एका रुपयावर फेरविचार करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2025 रोजी तो आदेश रद्द करून योजना कायम केली. समितीच्या व्यापारी निर्णयात न्यायालयानं हात घालायचा नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. तत्त्व मला मान्य आहे, पण इथला निकाल पटत नाही. ज्याच्या पैशावर डल्ला पडला, त्याचा वसुलीवर थोडा तरी हक्क राहायला हवा होता.

पत्रात आणखी एक ओळ आहे : बुडालेल्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना पाच लाख मिळाले, मग आम्हाला का नाही? ठेव विमा बँकांपुरता असतो. पापडीच्या बॅसिन कॅथलिक बँकेतल्या ठेवीला तो लागू आहे, पण गृहवित्त कंपनीच्या ठेवीला नाही, मग पावती कितीही गुळगुळीत कागदावर छापलेली असो. पुढची ठेव ठेवताना संस्था बँक आहे की वित्त कंपनी, एवढं आधी विचारा. व्याज अर्धा-एक टक्का जास्त का देतात, त्याचं उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं.

आता जमिनी. एचडीआयएलचं प्रकरण या बाबतीत वेगळं पडतं : डीएचएफएल एकगठ्ठा विकली गेली, तर एचडीआयएलच्या प्रकल्पांचे तुकडे करून ते विक्रीला काढावे लागले. तिथून पुढच्या आठवड्यात सुरू करू.