कचऱ्याची वीज आणि तिचा हिशेब

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि मुंबईचे आकाश कित्येक दिवस धुराने काळवंडले. १९२७ पासून साचत आलेल्या त्या डोंगराच्या पोटात काय दडले आहे, याची शहराला झालेली ती जाणीव होती. हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण होतो. त्यात सुमारे निम्मा मिथेन असतो. गोबर गॅसच्या टाकीत घडते तेच येथे घडते. फरक इतकाच, की टाकीला झाकण असते, डोंगराला नसते.

असे झाकण घालण्याची विद्या नवी नाही. कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डेस येथे १९७५ मध्येच कचराभूमीतील वायू काढून वापरण्यास प्रारंभ झाला. ढिगावर माती व प्लास्टिकचे आच्छादन, आत खोलवर सच्छिद्र नळ्या, वायू ओढणारी व शुद्ध करणारी यंत्रे आणि शेवटी इंजिन व जनित्र, एवढा या लहान वीजकेंद्राचा संसार. एका घनमीटर वायूपासून साधारणतः दीड ते दोन युनिट वीज मिळते.

ही वीज महाग पडते, हा आक्षेप अर्धसत्य आहे. मीटर केवळ युनिटे मोजतो. परंतु मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवितो. तो मोकळा सोडल्याचे नुकसान आणि आगीच्या धुराने जडणारा खोकला यांची नोंद वीजबिलात होत नाही. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. तो कोणाला तरी भरावाच लागतो, आणि बहुधा तो ढिगाच्या सावलीत राहणारा गरीबच भरतो. मुंबईतच गोराईची कचराभूमी २००७ नंतर झाकण्यात आली, तेव्हा टळणाऱ्या उत्सर्जनालाही कार्बन क्रेडिटच्या रूपाने मोल असते, हे दिसून आले.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कचराभूमी बंद झाली की वायू वर्षागणिक घटत जातो आणि नळ्यांच्या हाती त्यातील काही भागच लागतो. म्हणजे ही वीज उत्पन्न नव्हे; ती जुन्या कर्जाची अंशतः वसुली आहे. ओला कचरा घरीच वेगळा करून बंदिस्त टाकीत कुजविला, तर वायूही अधिक हाती येतो आणि खतही. २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले, ते याच दिशेने.

जुन्या ढिगावर वीजकेंद्र उभारणे शहाणपणाचे आहे. पण केंद्राला वायू हवा म्हणून नवा ढीग रचणे, हे औषध हाताशी आहे म्हणून आजार जोपासण्यासारखे होईल.